वाजवणाऱ्यानेच पैसे भरण्याची पद्धत
लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप भागात १९८०च्या दशकात रॉक बँडची रीघ लागली होती. क्लब मात्र मोजके. तिथे बँडनेच क्लबला पैसे देऊन वाजवण्याची पद्धत रुळली. आयोजक तिकिटांचा गठ्ठा बँडला आगाऊ विकत. ती खपवून पैसे वसूल करायचे काम बँडचे, न खपलेल्या तिकिटांचा भुर्दंडही त्याचाच.

जपानमधल्या छोट्या ‘लाइव्ह हाउस’मध्ये ही रीत ‘नोरुमा’ नावाने चालते. समजा, दोन हजार येनची २० तिकिटे ठरवून दिली आणि १२च खपली, तर उरलेले १६ हजार येन बँडने भरायचे. ठरलेल्या संख्येपुढच्या विक्रीतला वाटा बँडला मिळतो.

जागेचे भाडे, ध्वनियंत्रणा, तंत्रज्ञ यांचा खर्च खरा आहे, यात वाद नाही. पण जोखीम सगळी वादकांवर गेली की श्रोते जमवण्याची निकड मालकाला उरत नाही आणि निवड गुणांपेक्षा खिशावर ठरते. ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनचा या पद्धतीला विरोध आहे. तिकीटविक्रीची आधी ठरलेली, लेखी वाटणी हाच न्याय्य मार्ग होय.