दुप्पट हिशेब, तरीही वेग जास्त

अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेचा 'फ्रंटियर' महासंगणक 2022 मध्ये सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणितांचा टप्पा ओलांडून गेला. त्याची बहुतेक ताकद 37 हजारांहून अधिक जीपीयूंमध्ये, म्हणजे एकाच वेळी असंख्य हिशेब करणाऱ्या चिपांमध्ये, आहे. पदार्थातल्या अणूंची हालचाल मोजणारे 'लॅम्प्स' हे सॉफ्टवेअर मात्र 1990च्या दशकातले, साध्या प्रोसेसरांसाठी घडवलेले. ते जसेच्या तसे चालवले तर जीपीयू रिकामेच बसतील.

खरी गुंतागुंत बलाच्या हिशेबात आहे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमामुळे दोन अणूंमधले बल एकदाच काढून दोघांच्या खात्यात मांडता येते. ही जुनी काटकसर. पण जीपीयूवर असंख्य थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, एकदम चालतात. दोन थ्रेडनी एकाच अणूच्या खात्यात लिहायला घेतले, की एकाला थांबावे लागते. म्हणून पुष्कळदा तेच बल दोनदा काढतात आणि प्रत्येक थ्रेड फक्त आपल्या अणूपुरते लिहितो. काम दुप्पट, पण खोळंबा नाही. मला ही तडजोड फार सुंदर वाटते.

शिवाय फ्रंटियरचे जीपीयू एएमडीचे, तर 'ऑरोरा' या दुसऱ्या महासंगणकाचे इंटेलचे. सँडिया प्रयोगशाळेत जन्मलेल्या 'कोकोस' लायब्ररीमुळे लॅम्प्सचा एकदाच लिहिलेला कोड दोन्हीकडे चालतो. मेमरीत आकडे कसे रचायचे, हे ती यंत्र पाहून ठरवते.