कागदावर उरलेली लढाई

1924 साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘कल्याण खजिना’ हा मूकपट काढला. शिवरायांच्या मावळ्यांनी हस्तगत केलेल्या कल्याणच्या खजिन्याची ही गोष्ट. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नष्ट झाले, पण या चित्रपटाचं पोस्टर टिकलं! भारतात आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र सिनेपोस्टरांत त्याची गणना होते.

खरं तर उलट व्हायला हवं होतं. पोस्टर म्हणजे खळ लावून भिंतीवर डकवायचा आणि उन्हापावसात विरून जाणारा कागद. पण त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती आपोआप कुजायची, झटकन पेटायची. कागदाला वाळवीपासून जपलं की तो शंभर वर्षं जगतो.

आणि त्याचा जन्म तर पाहा! तेव्हाची रंगीत पोस्टरं शिळाप्रेसवर निघत. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वर शाईचा रूळ फिरवायचा. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, म्हणून शाई फक्त रेघांना धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. छपाई संपली की दगड घासून त्यावर पुढचं चित्र. म्हणजे मूळ चित्र पुसलंच गेलं. मागे राहतात ते फक्त छापलेले कागद. म्हणूनच संग्राहक आधी भिंग काढतो. खडूचे ओबडधोबड कण दिसले तर ती शिळाछाप. ठिपक्यांच्या शिस्तशीर रांगा दिसल्या तर बहुधा नंतरची नक्कल.

आणि अशा कागदावर युद्ध छापलं, तर त्यात केवढी ताकद! 1914 मध्ये ब्रिटनमध्ये बोट रोखणाऱ्या युद्धमंत्री लॉर्ड किचनरचं सैन्यभरतीचं चित्र झळकलं आणि त्याचा कित्ता देशोदेशीच्या भरती-पोस्टरांनी गिरवला. इकडे 1930 मध्ये कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनं शिवरायांवर मूकपट काढला, ‘स्वराज्याचे तोरण’. सतराव्या शतकातल्या लढाईची कथा, पण ‘स्वराज्य’ हा शब्द भिंतीभिंतीवर लागणं इंग्रज सरकारला परवडणारं नव्हतं. नाव बदलून ‘उदयकाल’ करावं लागलं. जुन्या जाहिरातीवरचं नुसतं शीर्षकसुद्धा असा इतिहास सांगतं.

म्हणून माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याला देण्याआधी उघडून पाहा. सैनिकाचं चित्र असलेलं कॅलेंडर, सिनेमाची चोपडी, भरतीचं पत्रक, काहीही निघेल. त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. आम्लरहित कागदात सपाट, उन्हापासून दूर ठेवा. मूळ दगड कधीच घासला गेलाय. तुमच्या हातातली प्रत कदाचित शेवटची असेल.