नर्तकीचे वस्त्र : शोभा की भांडवल?

रंगमंचावरील नर्तकीचे वस्त्र प्रेक्षकाच्या डोळ्यांना सुखावते; परंतु त्या वस्त्राचा खर्च कोणी केला आणि त्यातला धोका कोणी पत्करला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. सुताराला जसा रंधा, शेतकऱ्याला जशी बैलजोडी, तसे नर्तकीला तिचे वस्त्र. ते तिच्या व्यवसायाचे साधन आहे, अर्थशास्त्राच्या परिभाषेत भांडवल आहे. पॅरिसचे ऑपेरागृह आणि बदनापूर-जालना परिसरातील जत्रेत उभा राहणारा तमाशाचा तंबू यांत अंतर फार मोठे आहे. तथापि या एका बाबतीत दोहोंचा हिशेब सारखाच निघतो.

युरोपातील बॅले नृत्य राजदरबारात वाढले. साहजिकच नर्तकीचा झगाही दरबारी, जड आणि जमिनीवर लोळणारा असे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मारी कामार्गो या नर्तकीने पावलांचे कसब लोकांना दिसावे म्हणून झग्याचा घेर घोट्याच्या वर घेतला आणि त्या काळच्या सभ्यतेला धक्का दिला. पुढे 12 मार्च 1832 रोजी पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ हे नृत्यनाट्य रंगभूमीवर आले. त्यात मारी ताल्योनी ही पांढऱ्या, तलम, घंटेच्या आकाराच्या झग्यात पायाच्या बोटांच्या टोकावर नाचली. ‘तुतु’ म्हणून आज जगप्रसिद्ध असलेल्या पोशाखाची परंपरा येथून धरली जाते. त्याच शतकाच्या अखेरीस गिरक्या आणि उड्या अधिक अवघड झाल्या, तसा तो पोशाख आखूड होत गेला आणि कमरेभोवती ताठ पसरला. नृत्याची गरज बदलली, तसे वस्त्र बदलले.

यंत्र, दिवे आणि आग

ही तलम शुभ्रता केवळ कलावंताच्या कल्पनेतून उतरली नव्हती. जाळीदार कापड विणणाऱ्या यंत्राचे पेटंट जॉन हीथकोट यांनी इंग्लंडमध्ये 1809 साली घेतले आणि हाताने विणली जाणारी महाग जाळी गिरणीतून निघू लागली. रंगमंचावर गॅसचे दिवे आले आणि त्या प्रकाशात पांढरे कापड चांदण्यासारखे दिसू लागले. मात्र सौंदर्य देणारी तीच ज्योत जीवघेणीही ठरली. वस्त्रे अग्निरोधक द्रावणात बुडवून वापरावीत, असा हुकूम फ्रान्समध्ये 1859 साली निघाला होता. पण तशी वस्त्रे ताठर व कळाहीन दिसत, म्हणून एमा लिव्हरी या तरुण नर्तकीने ती नाकारली. नोव्हेंबर 1862 मध्ये तालमीच्या वेळी दिव्याच्या ज्योतीने तिचा झगा पेटला आणि आठ महिन्यांनी तिचा मृत्यू झाला. शोभा प्रेक्षकांची, उत्पन्न नाट्यगृहाचे आणि धोका मात्र नर्तकीचा, अशी ही वाटणी होती.

नऊवारीचे अर्थशास्त्र

मराठी लावणीचा पोशाख वेगळ्या मार्गाने आला. तमाशात पूर्वी स्त्रीवेषातला नाच्या पोऱ्या नाचत असे. स्त्रिया या रंगमंचावर नंतर आल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई हिवरगावकर यांनी लौकिक मिळवला. येथे झगा आखूड करण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. नऊ वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे लुगडे काष्टा घालून नेसले की अंग झाकलेले राहते आणि पायही मोकळे राहतात. शेतात राबणाऱ्या बाईची ही नेसण. तीच जरीकाठ लेवून रंगमंचावर आली. बैठकीच्या लावणीत पदर आणि हात बोलतात. फडाच्या लावणीत काष्टा आणि घुंगरू बोलतात. अलीकडे शिवलेली नऊवारीही रूढ झाली आहे, कारण दोन लावण्यांच्या मध्ये नेसत बसायला वेळ नसतो.

पण या साधनाचा पैसा कोठून येतो? संगीत बारीत शालू, दागिने, घुंगरू यांचा भार बहुधा नर्तकीवर किंवा तिच्या पार्टीवर पडतो आणि मिळकतीतला वाटा थिएटरमालकाला जातो. मोठ्या फडांचा व्यवहार उचलीवर चालतो. नारायणगावला राहुट्या पडतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात, आणि त्या सुपाऱ्यांच्या भरवशावर फडमालक सावकाराकडून रक्कम उचलतो. त्यातूनच कलावंतांना उचल मिळते. 2020 आणि 2021 साली महामारीमुळे जत्रा बंद राहिल्या. सुपाऱ्या गेल्या, कर्ज मात्र राहिले.

विठाबाई नारायणगावकर यांना 1957 व 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. खेळ चालू असताना रंगमंचामागे बाळंत होऊन त्या पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, असे सांगितले जाते. 2002 साली त्या गेल्या, त्या विपन्नावस्थेतच. पुढे शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ही कृतज्ञता योग्यच होय. परंतु पुरस्कार उतारवयात मिळतो आणि साधनाची गरज असते ती उमेदीच्या वयात.

शेतकऱ्याला अवजारांसाठी आणि विणकराला मागासाठी बँकेचे कर्ज मिळावे, हे तत्त्व समाजाने मान्य केले आहे. मग नर्तकीचा शालू आणि घुंगरू ही अवजारे का नव्हेत? त्यांसाठी माफक व्याजाचे संस्थात्मक कर्ज आणि कलावंताला अपघाताचा विमा, एवढी सोय झाली तरी उचलीची साखळी सैल होईल. लावणीला टाळी देणाऱ्या समाजाने कलावंताचा हा हिशेबही मांडावयास हवा. तो मांडला गेला नाही, तर शालूची जर झळकत राहील आणि तो नेसणारी कर्जातच राहील.