लायब्ररी? सो बोरिंग? एकदा बसून तर बघा!

वीकेण्डला भेटायचं कुठे, या प्रश्नाला मी ‘लायब्ररीत’ असं उत्तर दिलं की आमचा अख्खा ग्रुप माझ्याकडे दयेने बघतो. धुळकट कपाटं, कुरकुरणारा पंखा आणि ‘शांतता राखा’ची पाटी, एवढंच चित्र सगळ्यांच्या डोक्यात. आपल्याला कसं, एसी हवा, वाय-फाय हवं आणि मगभर कॉफी हवी. पण त्या कॉफीच्या बिलात खुर्चीचं भाडंही असतंच ना? लायब्ररीत नुसतं बसता येतं. कोणी ‘मॅडम, अजून काही?’ म्हणून डोक्यावर उभं राहत नाही.

मुंबईत काळा घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररीच घ्या. टांकसाळ आणि गोदीत काम करणाऱ्या मंडळींनी १८४७ मध्ये सुरू केलेली ही संस्था. म्हणजे मुळात नोकरदारांचाच अड्डा! इमारत १८७० ची, डागडुजी होऊन २०२३ मध्ये पुन्हा चकाचक झालेली. समोर जहांगीर आर्ट गॅलरी, मागे बाग आणि वर व्हरांड्यात आरामखुर्च्या. सभासद मैत्रिणीबरोबर गेले तेव्हा एक आजोबा पेपर छातीवर ठेवून गाढ झोपले होते. शेजारी सीएची मुलगी हायलायटर घेऊन बसलेली. दोघांनाही एकमेकांचा काडीचा त्रास नव्हता. दहा बाय दहाच्या खोलीत चौघांचं घर असेल, तर ही शांतता म्हणजे चैन नाही, गरज आहे.

हे मला नीट समजलं ते ऑफिसमधल्या एका मित्रामुळे. तो बुलडाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालचा. शहरातल्या अभ्यासिकेतला पहिला दिवस सांगताना तो अजूनही हसतो. ‘मले तं वाटे, आता कोनी येईन अन् म्हनीन, ऊठ इथून! पन कोनी विचारलंच नाई का तू कोन.’ जागा अडवायला सकाळी सहाला बॅग ठेवून यायची, हा फंडाही तो तिथेच शिकला.

आम्ही काही जण शेगावला दर्शनाला गेलो, तेव्हा त्याच्या घरीही जेवायला गेलो. संग्रामपूर तालुक्यातलं हे गाव. जेवण झाल्यावर त्याच्या बहिणीच्या मैत्रिणी भेटल्या, सगळ्या स्पर्धा परीक्षेच्या तयारीतल्या. लायब्ररीत काय हवं, असं विचारलं. मला वाटलं, कम्प्युटर म्हणतील. पहिलं उत्तर आलं टॉयलेट. मग चांगला उजेड, या वर्षीची पुस्तकं आणि अंधार पडायच्या आत घरी पोचता येईल अशी वेळ. चार तास बसायचं तर पाणी कमी प्यावं लागतं, असं एक जण अगदी सहज बोलून गेली. आमच्या ग्रुपमधल्या कोणालाच पुढे काय बोलावं ते सुचेना.

बरं, पैशांचा हिशोबही बघा. १९६७ च्या कायद्यानुसार राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं. बहुतेक ग्रंथालयं स्थानिक संस्था चालवतात आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड वर्गांत बसवतं. सगळ्यात लहान ‘ड’ वर्गाला बरीच वर्षं सालाला ३० हजार रुपये मिळायचे, म्हणजे महिन्याला अडीच हजार. त्यातच पुस्तकं, पेपर, लाइट बिल आणि ग्रंथपालाचं मानधन. आपण चौघं एका डिनरला याहून जास्त उडवतो! २०२२ मध्ये सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर केली. वाढ सॉलिड वाटते, पण मुळात रक्कमच एवढीशी असेल तर टक्केवारीने कितीसा फरक पडणार?

तेव्हा आपल्या एरियातली लायब्ररी शोधाच. ओळखीचा नि पत्त्याचा पुरावा आणि थोडी अनामत रक्कम जवळ ठेवा, बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं. जाण्याआधी वेळ मात्र विचारून घ्या, कारण बऱ्याच जागी दुपारी कुलूप असतं. आणि मुलींनो, टॉयलेट आहे का तेही बिनधास्त विचारा. नसेल तर तक्रारवहीत लिहा, नाव घालून. वरवटच्या त्या मुलीला मी हेच सुचवलं, तर ती म्हणाली, ‘ताई, वही मागाले गेली, तं थे कपाटात हाय म्हने. किल्ली अध्यक्षाजवळ.’