प्रिन्सला आवाज फुटला!

गणपतीच्या आधी घर झाडायला काढलं की माळ्यावरून काय काय खाली येतं, ते कोकणातल्या कुणाला सांगायला नको. यंदा आमच्या रत्नागिरीच्या घरी मखराच्या सामानामागून एक पुठ्ठ्याचा खोका निघाला. आत चुलत दादाच्या शाळेच्या दिवसांतल्या फ्लॉप्या. निम्म्यांना बुरशी लागलेली. एकीवर बॉलपेनने लिहिलेलं, 'प्रिन्स'. मुंबईहून आलेल्या दादाने ती उचलली आणि म्हणाला, "यात ते गेट उघडताना कर्रर्र आवाज यायचा बघ!" सगळ्यात आधी त्याला आठवला तो आवाज.

तुमच्याही घरी असा एखादा दादा, मामा किंवा काका असेलच. डेव्ह, प्रिन्स, डूम अशी नावं काढली की ज्याचे डोळे चमकतात. त्याचा गेम तुमच्या आजच्या लॅपटॉपवर चालू करता येतो, तोही आवाजासकट. आणि गंमत म्हणजे त्यासाठी जे लागतं, ते तुम्ही कदाचित लॅबमध्ये वापरूनही झालंय.

निळी स्क्रीन आठवते?

बारावीला कम्प्युटर सायन्स घेतलेल्या अनेकांनी टर्बो सी++ ची निळी स्क्रीन पाहिली असेल. नव्या विंडोजवर ती उघडताना मागे आणखी एक काळी खिडकी उघडते. ती डॉसबॉक्सची. टर्बो सी++ डॉसच्या जमान्यातला, १६ बिटचा प्रोग्राम. ६४ बिटचं विंडोज असे प्रोग्राम चालवतच नाही आणि विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच येतं. म्हणून डॉसबॉक्स तुमच्या लॅपटॉपच्या पोटात एक खोटा जुना कम्प्युटर उभा करतं. २००२ पासून ते मोफत मिळतंय. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं.

प्रोसेसर खोटा, तसं साउंड कार्डही खोटं. खरी मेख इथेच आहे.

आवाजाची भानगड

आज गाणं लावताना लॅपटॉपमध्ये कुठलं साउंड कार्ड आहे, हे आपण बघतो का? ते काम विंडोज करतं. डॉसमध्ये ही सोय नव्हती. प्रत्येक गेम थेट कार्डाशी बोलायचा आणि त्यासाठी त्याला कार्डाचा पत्ता माहीत असावा लागायचा.

सगळ्यात गरीब सोय म्हणजे कम्प्युटरच्या डब्यातला छोटा स्पीकर. त्याला नुसतं पीं-पीं जमायचं. टर्बो सी++ मध्ये 'साउंड' आणि 'नोसाउंड' ही फंक्शन्स वापरली असतील, तर तो हाच स्पीकर. 'डेंजरस डेव्ह'चा सगळा आवाज त्यातूनच यायचा. १९८७ मध्ये कॅनडाच्या कंपनीचं अ‍ॅडलिब कार्ड आलं. त्यावरची यामाहाची चिप खरंखुरं संगीत वाजवू शकायची. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणलं. त्यात रेकॉर्ड केलेले आवाजही वाजायला लागले आणि बहुतेक गेम्सनी तेच प्रमाण मानलं.

आता कृती

गेमचा फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवा. नाव छोटं द्या, मध्ये स्पेस नको. डॉसबॉक्स उघडून 'माउंट' टाइप करा, स्पेस देऊन 'सी', पुन्हा स्पेस देऊन त्या फोल्डरचा पत्ता. एंटर. मग 'सी' आणि कोलन. मग गेमच्या फाइलचं नाव.

गेम चालला पण मुका आहे? घाबरू नका. फोल्डरमध्ये 'सेटअप' किंवा 'इन्स्टॉल' नावाची फाइल शोधा आणि आधी ती चालवा. कार्ड विचारलं की साउंड ब्लास्टर निवडा. पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. गेमने आयआरक्यू ५ सुचवला तरी ७ करा, कारण डॉसबॉक्समध्ये मुळात तोच ठरलेला असतो. बऱ्याचदा नुसता हा आकडा चुकल्यामुळे आवाज गायब असतो.

आवाज तुटक येतोय? कंट्रोल दाबून एफ ११ ने वेग कमी करा, एफ १२ ने वाढवा. लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही दाबावं लागू शकतं.

"हे असं नव्हतं!"

आम्ही बुरशी लागलेल्या फ्लॉप्या बाजूला ठेवल्या, कारण त्यांनी ड्राइव्हचं हेडही खराब होतं. उरलेल्या यूएसबीच्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालून बघितल्या. तीनच वाचता आल्या. नशिबाने त्यात प्रिन्स होता.

गेम सुरू झाला, छान भरदार संगीत वाजायला लागलं आणि दादाचा चेहरा पडला. "हे असं नव्हतं रे!"

मग उलगडा झाला. त्याच्या कम्प्युटरला साउंड कार्डच नव्हतं! तेव्हा त्याने ऐकलेला प्रिन्स डब्यातल्या स्पीकरचा होता. हे संगीत तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता. गेम बंद करून आम्ही 'प्रिन्स'पुढे स्पेस देऊन एस-टी-डी-एस-एन-डी अशी सहा अक्षरं टाकली, म्हणजे साधा स्पीकर. गेट उघडलं. कर्रर्र. दादा काहीच बोलला नाही, फक्त खुर्ची पुढे ओढली. त्या रात्री आरतीनंतर त्याला लॅपटॉपसमोरून उठवताना काकूच्या नाकी नऊ आले.

तेव्हा सेटिंग करताना घरच्यांना आधी विचारा, तुमच्याकडे कुठला आवाज यायचा?

आणि हो, दादाची फ्लॉपी मित्राकडून कॉपी केलेली होती. तेव्हा ते सर्रास चालायचं. पण जुना गेम म्हणजे फुकट गेम नव्हे. 'डूम'चा पहिला भाग कंपनीनेच मोफत वाटला होता, तिथून सुरुवात करा. बरेच जुने गेम्स आजही रीतसर विकत मिळतात, डॉसबॉक्ससकट.

खोका उघडाच

'प्रिन्स ऑफ पर्शिया' जॉर्डन मेकनर याने बनवला. १९८९ मध्ये तो आधी अ‍ॅपल टू या कम्प्युटरवर आला. त्याचं संगीत मेकनरच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी दिलेलं. गेमचा मूळ कोड पुढे हरवला. २०१२ मध्ये वडिलांनाच घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉप्यांचा खोका सापडला, त्यात तो कोड होता. वीसेक वर्षांनंतरही तो वाचता आला आणि मेकनरने तो सगळ्यांसाठी खुला केला.

त्यांच्या कपाटात आपल्यासारखा चार महिने पाऊस नव्हता. इथल्या दमट हवेत फ्लॉपी किती दिवस तग धरेल, याचा भरवसा नाही. त्यामुळे माळा साफ करायला पुढच्या गणपतीची वाट बघू नका. खोका सापडला तर भंगारवाल्याच्या आधी तो दादाला दाखवा.