लग्न झालं, पण व्हिसा कधी?

लाँग डिस्टन्स रिलेशनशिप म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना समजावून सांगायची गरज नाही. तो पुण्यात, ती बेंगळुरूला. रात्री अकराचा कॉल, दिवाळीत भेट, मध्येच एखादं भांडण. पण त्या सगळ्याला कुठेतरी शेवट दिसत असतो. नोकरी बदलली, ट्रान्स्फर मिळाली, किंवा घरच्यांना पटवून लग्न केलं की प्रश्न सुटला. आता अशी कल्पना करा, की लग्न झालंय, रजिस्टरही झालंय, दोन्हीकडची माणसं पोटभर जेवून आपापल्या घरी गेलीत, आणि तरीही नवरा-बायकोला एका घरात राहायला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही जास्त थांबायचंय. कुणाचा विरोध नाही, भांडण नाही. फक्त एक फाइल पुढे सरकायचीय.

थायलंडची मुलगी अमेरिकन मुलाशी लग्न करते आणि तिला नवऱ्याबरोबर अमेरिकेत राहायचं असतं, तेव्हा नेमकं हेच होतं. थायलंडचंच उदाहरण का? कारण तिकडे अशी लग्नं नवीन नाहीत. थायलंडच्या ईशान्य भागाला ईशान म्हणतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तिथल्या उदोन थानी, कोरात अशा शहरांत अमेरिकन विमानतळ होते. १९७६ मध्ये अमेरिकन सैन्य परत गेलं, पण परदेशी जावई ही गोष्ट त्या भागाच्या ओळखीची झाली. गोऱ्या माणसाला थाई लोक ‘फरांग’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? आपला ‘फिरंगी’ आणि त्यांचा ‘फरांग’ एकाच फारसी शब्दाची भावंडं.

समजा, मुलगी उदोन थानीची आणि मुलगा ओहायोचा. घरी भिक्खूंना बोलावून विधी झाले, मनगटाला पांढरे दोरे बांधले गेले. ‘सिन सोत’ही दिला गेला. ही हुंड्याच्या उलटी रीत आहे, नवरा मुलगा मुलीच्या आईवडिलांना रक्कम देतो. पण कायद्याच्या नजरेत यातलं काहीच लग्न नाही. जिल्हा कचेरीत जाऊन नोंद केली आणि दाखला हातात आला, की मग लग्न. आणि खरी वाट बघणं सुरू होतं ते त्या दाखल्यानंतर.

एक फाइल, तीन टेबलं

पहिलं पाऊल नवऱ्यानं उचलायचं असतं. तो ‘आय-१३०’ नावाचा अर्ज अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे करतो. अर्जाचा अर्थ एवढाच, की ही माझी बायको आहे आणि आमचं लग्न खरं आहे. अलीकडच्या वर्षांत या एका टेबलावरच साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त वेळ गेलेला आहे. मंजुरी मिळाली की फाइल दुसऱ्या खात्याकडे जाते, म्हणजे परराष्ट्र खात्याच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे. हे सेंटर न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ गावात आहे. तिथे फी भरायची, ‘डीएस-२६०’ हा फॉर्म भरायचा, कागद अपलोड करायचे. एखादा कागद चुकला तर तो परत येतो आणि तुम्ही पुन्हा रांगेत. सगळं बरोबर निघालं तर तिसरं टेबल, बँकॉकच्या अमेरिकन दूतावासातला इंटरव्ह्यू.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अमेरिकन नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळणाऱ्या व्हिसांवर वार्षिक मर्यादा नाही. ‘यंदाचा कोटा संपला’ असं तिला कुणी सांगत नाही. मग उशीर कशाचा? आजवर तो मुख्यतः कामाच्या ढिगाचा राहिला आहे. प्रत्येक अर्ज कुणीतरी उघडून वाचायचा असतो, आणि वाचणारे हात कमी असतात. त्यामुळे ओहायोच्या मुलाला फोन करून ‘आमचं जरा लवकर करा हो’ म्हणून फारसं काही साधत नाही. जिवावरचं आजारपण वगैरे असेल तर फाइल आधी घेण्याची विनंती करता येते. ‘आम्हाला एकमेकांची आठवण येते’ हे कारण त्यात बसत नाही.

मग भेटायला तरी जाऊ दे की!

तुमच्या मनात हा प्रश्न आलाच असेल. व्हिसा लागेल तेव्हा लागेल, तोवर टुरिस्ट व्हिसावर महिनाभर जाऊन यावं. इथेच सगळ्यात मोठी गोची आहे. टुरिस्ट व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस अमेरिकेत कायमचा राहायलाच येतोय, असं तिथला कायदा गृहीत धरतो. तसं नाही, मी परत येईन, हे अर्जदारानं पटवून द्यायचं असतं. आणि आपल्या मुलीच्या नावावर तर ‘मला तिथे कायमचं राहायचंय’ असं सांगणारा अर्ज आधीच पडलेला! त्यामुळे तिला टुरिस्ट व्हिसा नाकारला जाण्याची शक्यता फार मोठी. म्हणजे नवऱ्याकडे जायचा अर्ज केला, म्हणून नवऱ्याला भेटायला जाणं अवघड झालं.

त्याचं तसं नाही. अमेरिकन पासपोर्टवर तो थायलंडला व्हिसाशिवाय काही आठवडे राहू शकतो. अडचण असते ती रजेची. खासगी नोकरीत पगारी सुट्टी दिलीच पाहिजे असा कायदा अमेरिकेत देशपातळीवर नाही. मग वर्षातून एकदा, फार तर दोनदा भेट. बाकीचं लग्न फोनवर. अमेरिकेच्या पूर्वेकडची राज्यं बँकॉकच्या उन्हाळ्यात ११ आणि हिवाळ्यात १२ तास मागे. ती सकाळी कामावर निघते तेव्हा त्याचं रात्रीचं जेवण चालू असतं. एकाची ‘गुड मॉर्निंग’ ती दुसऱ्याची ‘गुड नाइट’.

चॅट डिलीट करू नका

लग्न खरं आहे हे सिद्ध कसं करायचं? एकत्र राहणाऱ्या जोडप्याकडे दोघांच्या नावाचा घरभाड्याचा करार असतो, जॉइंट अकाउंट असतं. जे एकत्र राहूच शकत नाहीत त्यांनी काय दाखवायचं? मग विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, पैसे पाठवल्याच्या पावत्या, सासू-सासऱ्यांसोबतचे फोटो, आणि चॅट. थायलंडमध्ये व्हॉट्सअॅपपेक्षा ‘लाइन’ हे अॅप जास्त चालतं. ‘जेवलीस का?’, ‘पोचलो’, ‘आईचा ताप उतरला का?’ असे साधे मेसेज एका सरकारी फाइलमध्ये पुरावा म्हणून लागतात. आपल्या ब्लू टिकवरून झालेल्या भांडणाचा स्क्रीनशॉट एखादा अधिकारी वाचतोय, असं डोळ्यांसमोर आणून बघा.

त्यात थाई कागदांच्या स्वतःच्या गमती. तिथे जवळजवळ प्रत्येकाला एक टोपणनाव असतं आणि रोजच्या जगण्यात तेच चालतं. नोक म्हणजे पक्षी, लेक म्हणजे छोटी. (आपल्याला ‘लेक’ ऐकून वेगळंच काही वाटेल, तो भाग निराळा.) चॅटमध्ये सगळीकडे ‘लेक’ आणि पासपोर्टवर भलंमोठं वेगळंच नाव. ही दोन्ही एकाच मुलीची नावं आहेत, हे समजावून सांगावं लागतं. शुभ ठरावं म्हणून अधिकृत नाव बदलण्याची रीतही तिकडे आहे. ते जितक्या वेळा बदललं असेल तितके दाखले जोडायचे. थाई कागदांवरचं साल बौद्ध कालगणनेचं, आपल्या वापरातल्या सालाच्या ५४३ वर्षं पुढे. आपल्या पंचांगात २०२५ च्या पाडव्याला शके १९४७ सुरू झालं, तेव्हा थाई कॅलेंडरवर २५६८ होतं. इमिग्रेशन खात्याला इंग्रजी भाषांतर लागतं, आणि त्यात साल बदलताना एक आकडा चुकला तरी जन्मतारीख जुळत नाही.

तिला आधीच्या लग्नाचं मूल असेल तर आणखी एक गोष्ट. अमेरिकन नागरिकाच्या बायकोच्या अर्जात मूल आपोआप येत नाही, त्याच्यासाठी वेगळा ‘आय-१३०’ करावा लागतो. हे उशिरा कळलं तर आईची फाइल पुढे आणि मुलाची मागे, असं होऊन बसतं.

पगार दाखवा, हमी द्या

आता पैशांचं बघू. नवऱ्याला ‘आय-८६४’ नावाचं हमीपत्र द्यावं लागतं. त्याचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के हवं. २०२४ मध्ये दोघांच्या घरासाठी ही रक्कम वर्षाला २५,५५० डॉलर होती. तेवढा पगार नसेल तर दुसरा कुणीतरी जामीन राहावा लागतो. नुकतं कॉलेज संपवून पार्टटाइम काम करणाऱ्या मुलासाठी हा अडथळा मोठा आहे.

बरं, हे हमीपत्र म्हणजे नुसती सही नाही. ती अमेरिकेची नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावावर साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत हमी चालू राहते. घटस्फोट झाला तरी ती संपत नाही. प्रेमात पडल्यावर असला कागद कोण वाचत बसतं? पण सही करण्याआधी तो दोघांनीही वाचायला हवा.

इंटरव्ह्यूचा दिवस

इंटरव्ह्यू बँकॉकला. उदोन थानीहून साधारण साडेपाचशे किलोमीटर. त्याआधी दूतावासानं ठरवून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये मेडिकल आणि थाई पोलिसांचा दाखला. खिडकीपलीकडचा अधिकारी विचारतो, कसे भेटलात, लग्नाला कोण कोण होतं, तो काय काम करतो. कधी पाच-दहा मिनिटांत आटपतं. कधी हातात एक कागद पडतो, की अमुक दाखला आणून द्या, तोवर फाइल थांबली. त्या कागदानं अनेकांना बँकॉकच्या रस्त्यावर रडवलं असेल, पण तो कायमचा नकार असेलच असं नाही. मागितलेला कागद दिला की बहुतेक वेळा गाडी पुढे जाते.

व्हिसा मिळाला की मात्र एकदम घाई. त्याची मुदत साधारण सहा महिन्यांपर्यंतच असते. इतके दिवस थांबलेल्या मुलीला आता काही आठवड्यांत घर आवरून, आईवडिलांचा निरोप घेऊन निघायचं असतं. या लांबलेल्या वाटेचा एक फायदा काहींना मिळतो. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच मिळतं आणि नंतर पुन्हा अर्ज करावा लागतो. दोन वर्षं उलटून गेली असतील तर थेट दहा वर्षांचं कार्ड.

शॉर्टकट आहे का?

‘के-१’ नावाचा वाग्दत्त वधू-वरांचा व्हिसा आहे. लग्नाआधी अमेरिकेत जायचं आणि ९० दिवसांत लग्न करायचं. पण त्यातही अर्ज, रांग, इंटरव्ह्यू चुकत नाही, आणि तिथे पोचल्यावर ग्रीन कार्डासाठी पुन्हा नवा अर्ज. थायलंडमधल्या समलिंगी जोडप्यांना स्वतःच्या देशात लग्नच करता येत नव्हतं, तेव्हा हा मार्ग त्यांच्या फार उपयोगाचा होता. जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये त्यांची लग्नंही कायदेशीर झाली, त्यामुळे आता तीसुद्धा याच लांब रांगेत उभी राहू शकतात.

लग्न झालेल्यांची वाट कमी व्हावी म्हणून अमेरिकेनं २००० साली ‘के-३’ व्हिसाही आणला. पण मूळ अर्ज त्याच सुमारास मंजूर झाला की ‘के-३’ बाद होतो, असं २०१० पासून ठरलं आणि तो जवळपास कागदावरच राहिला. मार्च २०२० मध्ये तर कोविडमुळे अमेरिकन दूतावासांनी जगभर नेहमीचं व्हिसाचं काम थांबवलं आणि त्याच महिन्यात थायलंडनं परदेशी लोकांना दारं बंद केली. ना तिला जाता येई, ना त्याला येता येई.

हे तुम्हाला का सांगतोय?

कारण अशी वाट बघणारी माणसं तुमच्या सोसायटीतही असतील. अमेरिकेत ग्रीन कार्डवर असलेला मुलगा इथे येऊन लग्न करतो तेव्हा त्याच्या बायकोला वेगळी रांग लागते, आणि त्या रांगेला वार्षिक मर्यादा आहे. २०१९ ते २०२३ या काळात बराच वेळ ही रांग जवळपास नव्हतीच. २०२३ मध्ये ती पुन्हा लागली. लग्न ठरवताना घरची मंडळी पगार विचारतात, पॅकेज विचारतात. मुलगा नागरिक आहे, ग्रीन कार्डवर आहे की वर्क व्हिसावर, हे विचारायचं राहून जातं. मुलीला किती दिवस थांबावं लागेल, ते मात्र त्यावर ठरतं.

दुसरी गोष्ट थांबणाऱ्याच्या आयुष्याची. फाइल दोघांची असते, पण थांबणं सारखं नसतं. त्याची नोकरी, त्याचं घर, त्याचे मित्र जागच्या जागी असतात. तिला मात्र प्रमोशन घ्यावं का, पुढचा कोर्स करावा का, आईसाठी गावी राहायला जावं का, प्रत्येक ठिकाणी ‘पण मी तर जाणारेय ना’ आडवं येतं. शेजारी विचारतात, ‘अजून इथेच?’ आणि ती हसून विषय बदलते. व्हिसा हातात पडल्याशिवाय नोकरी सोडू नका, घर विकू नका, तिकीट पक्कं करू नका, असं खुद्द अमेरिकन परराष्ट्र खातं अर्जदारांना सांगतं. हा सल्ला थाई मुलीइतकाच ठाण्याच्या मुलीलाही लागू आहे.

तेव्हा तुमचा कुणी मित्र किंवा मैत्रीण अशा रांगेत असेल, तर ‘झालं का गं व्हिसाचं?’ हे रोज विचारू नका. झालं की ती स्वतःच सांगेल. त्याऐवजी तिच्या कामाबद्दल विचारा, तिला ट्रेकला न्या, तिचा फॉर्म एकदा तुमच्या नजरेखालून घाला. स्पेलिंग आणि तारखा तपासायला दुसरे दोन डोळे नेहमीच उपयोगी पडतात.