नत्राचं झाड लावलं, पुढे काय?

पेरणीला महिना-दीड महिना झाला की सोयाबीनचं एखादं रोप खुरप्यानं मातीसकट अलगद काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. मुळं बादलीत बुडवून माती सुटू दिली की मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराच्या गाठी दिसतात. त्यातली एक नखानं चिरा. आतून गुलाबी-लाल निघाली तर गाठ कामावर आहे. पांढरट निघाली तर ती अजून कामाला लागलेली नाही किंवा कधी लागणारही नाही, आणि हिरवट निघाली तर तिचे दिवस भरले. ही लाली लेगहिमोग्लोबिनची, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्याच प्रथिनाची. हवेतलं नत्र धरणारं नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायू लागला की निकामी होतं. पण गाठीतल्या रायझोबियम जिवाणूंना जगायला प्राणवायू तर हवाच. तो बेताबेतानं पोचवण्याचं काम हे लाल प्रथिन करतं.

हे एकदा पाहिलं की माणूस हुरळतो. हवेत 78 टक्के नत्र आहे, झाड ते फुकटात ओढतं, तेव्हा उजाड जमिनीवर शेंगावर्गीय झाडं लावली की जमीन आपोआप सुधारणार, असं वाटू लागतं. शासकीय वनीकरणापासून सामाजिक संस्थांच्या वृक्षारोपणापर्यंत अनेक योजना याच भरवशावर उभ्या राहतात. या समजुतीत थोडं खरं आहे, म्हणून तर ती टिकून आहे. ती तपासायला एक प्रश्न पुरतो. बांधलेलं नत्र शेवटी जातं कुठे?

त्याआधी मुळात नत्र बांधतं कोण, ते पाहू. शेंग दिसली की गाठ असणारच, असं आपण धरून चालतो. पण चिंच, गुलमोहर, बहावा, आपटा, सीताअशोक ही सगळी शेंगावर्गातली झाडं असूनही त्यांच्या मुळांवर गाठी धरत नाहीत. पावसाळ्यात रस्त्याकडेला माजणारा टाकळाही त्यातलाच. टाकळ्याचा पाला गाडला तर त्यातलं नत्र जमिनीला मिळतं खरं, पण ते तिथूनच उचललेलं असतं. उलट कोकण किनाऱ्यावर वाळूत उभं असलेलं सुरू शेंगावर्गातलं नाही, तरी फ्रँकिया नावाच्या जिवाणूच्या मदतीनं ते नत्र बांधतं. पळस, खैर, शिरीष, करंज, पांगारा, हदगा, शेवरी आणि गिरिपुष्प यांना गाठी येतात. रोपवाटिकेची यादी करताना एवढी छाननी केली तरी बरेच पैसे वाचतील.

गाठी येतात त्या झाडांचं नत्र तरी मुळांतून पाझरत शेजाऱ्याला मिळतं का? थोडंफार मिळतं, पण लोक समजतात त्या प्रमाणात नाही. नत्र बांधणं झाडाला महाग पडतं. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला एटीपी या ऊर्जावाहकाचे किमान 16 रेणू खर्ची पडतात, आणि त्यासाठीची साखर पानांना करावी लागते. एवढ्या कष्टाची कमाई झाड आधी स्वतःच्या पानांत आणि दाण्यांत घालतं. मातीला ती मिळते पानं गळाल्यावर, मुळं-गाठी कुजल्यावर, किंवा कुणी फांद्या छाटून पाला खाली पसरल्यावर.

आपल्याकडे सर्वांत जास्त गल्लत होते ती इथेच. सोयाबीनचा बेवड चांगला, असं विदर्भ-मराठवाड्यात कुणीही सांगेल, आणि तो अनुभव खोटा नाही. सोयाबीननंतरचा गहू खरंच बरा येतो. पण त्याचं कारण म्हणून ‘सोयाबीन जमिनीत नत्र सोडून जातं’ असं सांगतात, ते तपासू. हेक्टरी 20 क्विंटल उतारा धरा. त्या पिकाला एकूण 160 किलोच्या आसपास नत्र लागतं. त्यातलं साधारण निम्मं ते साठ टक्के, म्हणजे 80 ते 95 किलो, हवेतून येतं आणि बाकीचं मातीतून. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं असतात. या हिशेबानं 20 क्विंटल दाण्याबरोबर 125 किलोंच्या वर नत्र बाजार समितीत जातं. हवेतून आलं त्यापेक्षा हे जास्त. म्हणजे जमिनीच्या खात्यातून हेक्टरी 30 ते 45 किलो गेलं, युरियाच्या भाषेत दीड-दोन गोण्या. वर कुटारही उचललं किंवा पेटवून दिलं तर खड्डा आणखी खोल.

मग गहू बरा का येतो? सोयाबीननं ज्वारी किंवा मक्याइतकं मातीतलं नत्र ओढलेलं नसतं, पानगळ लवकर कुजते, आणि एकाच जातीच्या पिकावर पोसणाऱ्या किडी-रोगांची साखळी तुटते. शेतकऱ्याचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्याला जोडलेली कारणमीमांसा लंगडी आहे. आणि ती कारणमीमांसा धरूनच पुढच्या पिकाचं खत तोडलं जातं, तेव्हा नुकसान होतं.

दाणा न काढता सगळं पीकच गाडायचं असेल तर हिशेब पूर्ण बदलतो. ताग किंवा धैंचा दीड महिन्यात, फुलोऱ्याच्या सुमारास, कोवळा असताना गाडला की हवेतून आलेलं बहुतेक सगळं नत्र शेतातच राहतं. कापायला उशीर झाला की खोड लाकडासारखं होतं, कुजायला वेळ घेतं, आणि कुजवणारे जिवाणूच काही काळ मातीतलं नत्र अडवून बसतात.

झाडांमध्ये हाच न्याय गिरिपुष्पाला लागतो. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं हे झाड. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढा फाटा बांधावर रोवला तरी फुटतं. पाल्यात सुक्या वजनाच्या सुमारे तीन टक्के नत्र असतं. एक टन ओल्या पाल्यातून सहा-सात किलो नत्र मिळतं, आणि पावसात तो पाला काही आठवड्यांत विरून जातो. कोकणातल्या चारसूत्री भात पद्धतीत गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवणं हे एक सूत्रच आहे. श्रीलंकेत तर चहा, रबर, नारळ यांच्यानंतरचं चौथं मळापीक म्हणून या झाडाला सरकारी मान्यता मिळाली. पण बांधावर नुसतं वाढू दिलेलं गिरिपुष्प बांधालाच पोसतं. वर्षातून दोन-तीनदा कोयता चालला, पाला पिकात आला, तरच ते नत्राचं झाड. एरवी ते फक्त सावलीचं झाड.

पाला शेताऐवजी गोठ्यात गेला तर शेणखत परत शेतात येतं की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून. सुबाभळीची गोष्ट अशीच आहे. मणिभाई देसाईंच्या बायफ संस्थेनं उरुळीकांचनहून तिचा जोरात प्रसार केला, तो चाऱ्यासाठी आणि जळणासाठी. ती जनावरांना विषारी, असं काहीजण ठासून सांगतात, आणि ते पूर्ण चूक नाही. तिच्यातल्या मिमोसिनमुळे, जास्त खाल्ली तर, जनावरांचे केस गळतात, वजन घटतं. पण हवाईतल्या शेळ्या ती मजेत खातात, हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी हेरलं. त्या शेळ्यांच्या पोटात मिमोसिनपासून तयार होणारं विष पचवणारे जिवाणू निघाले. 1980च्या दशकात ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले आणि गुरं तगली. त्या जिवाणूला पुढे जोन्स यांच्याच नावावरून नाव मिळालं. आपल्याकडचा साधा उपाय म्हणजे एकूण चाऱ्यात सुबाभूळ एक तृतीयांशाच्या वर न नेणं.

आता उजाड जमिनीकडे. ‘या झाडांना खत लागत नाही, मुरमातही येतात’ हे वाक्य अर्धं खरं आहे. नत्राचं खत लागत नाही, एवढंच. गाठीला स्फुरद भरपूर लागतं, शिवाय लोह आणि चिमूटभर मॉलिब्डेनम लागतं. जांभ्याच्या आम्ल मातीत स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसलेलं असतं आणि मॉलिब्डेनमही सहज सुटत नाही. अशा जागी झाड जगतं, पण गाठी पांढऱ्या राहतात. ब्राझीलमध्ये हा धडा नीट गिरवला गेला. रिओजवळच्या सेरोपेदिका इथल्या एम्ब्रापा या सरकारी कृषी संशोधन संस्थेत योहाना डोबेराइनर यांनी नत्र बांधणाऱ्या जिवाणूंवर आयुष्य घालवलं. ब्राझीलचं सोयाबीन नत्रखताशिवाय पिकतं, त्यामागे त्यांचा मोठा वाटा आहे. त्याच केंद्रातल्या आविलियो फ्रांको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमेझॉनमधल्या पोर्तो त्रोम्बेतासच्या बॉक्साइट खाणीच्या गाळावर झाडं उभी केली. वरची माती गेलेल्या, जिवाणूही नसलेल्या त्या गाळात नुसतं बी फेकून काही झालं नसतं. रोपवाटिकेतच प्रत्येक जातीला तिचा रायझोबियम आणि सोबत मुळांवर वाढणारी मायकोरायझा बुरशी लावली, आणि स्फुरदही दिलं. ही बुरशी दूरवर पसरून झाडाला स्फुरद आणून देते, तर रायझोबियम नत्र देतो.

‘तिचा रायझोबियम’ हे मुद्दाम लिहिलं. हरभऱ्याचं जिवाणू संवर्धक सोयाबीनला चालत नाही. पाकीट उन्हात ठेवलं, बियाण्याला आधी जिवाणू आणि मग बुरशीनाशक लावलं, किंवा पेरणीबरोबर युरियाचा भरपूर हात मारला की पैसे गेलेच. आयतं नत्र मिळालं तर झाड गाठीवर साखर खर्च करत नाही.

गोव्यातल्या डिचोली-सांगे भागात लोहखनिजाच्या खाणींच्या टाकाऊ मातीचे डोंगर आहेत. त्यावर वर्षानुवर्षं ऑस्ट्रेलियन अकेशिया लावली गेली. ती गाठी धरते, झपाट्यानं वाढते, पावसात घसरणारा ढिगारा काही प्रमाणात बांधून ठेवते. ढिगाऱ्याखाली भातशेती आणि ओढे असताना हे काम कमी लेखू नये. पण तिथे जंगल परत आलं, असं त्या हिरव्या रंगावरून म्हणता येत नाही. या झाडाची पानं म्हणून जी दिसतात ते खरं तर चपटे झालेले देठ. चामड्यासारखे, सावकाश कुजणारे. झाडाखाली त्यांचा जाड थर साचतो, आणि गिरिपुष्पाचं नत्र आठवड्यांत मातीत येतं तिथे हे महिनोन्‌महिने अडकून राहतं. शिवाय एकाच जातीची दाट लागवड विरळ केली नाही तर दुसऱ्या कुणाला उजेडच मिळत नाही. अशी झाडं पहिल्या खेपेला ठीक. आठ-दहा वर्षांनी त्यातली निम्मी तोडून मध्ये जवळच्या रानातल्या जाती आणल्या नाहीत, तर पहिली खेप हीच शेवटची ठरते.

कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात 1960च्या दशकात वेडी बाभूळ लावली ती खारं रण पसरू नये म्हणून. तीही नत्र बांधते. तिच्या गोड शेंगा गुरांनी खाल्ल्या, बी शेणातून सगळीकडे गेलं, आणि ज्या गवतावर मालधारी पशुपालकांच्या म्हशी चरत ते मागे हटलं. खाऱ्या-चोपण जमिनीवर तिचे फायदे आहेत हेही खरं, हरियाणातल्या कर्नालच्या मृदा लवणता संस्थेनं ते दाखवलं आहे. चूक झाली ती जिवंत कुरणाला पडीक समजण्यात.

आणि हा समज सर्वांत हट्टी आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. झाड नाही, नत्र कमी, म्हणजे जमीन आजारी, असं आपण मानतो. कास पठारावर पावसाळ्यात जी सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात ती कीटकभक्षी वनस्पती आहे. कातळावरच्या पातळ मातीत नत्र मिळत नाही, म्हणून ती पाण्यातले बारीक जीव पकडते. दवबिंदू नावाची वनस्पतीही त्याचसाठी किडे चिकटवते. तिथलं नत्र वाढलं तर या वनस्पतींचं वैशिष्ट्यच निरुपयोगी होतं आणि गवतं त्यांना दाबून टाकतात. सोलापूरच्या नान्नजसारखे माळढोकाचे, काळविटांचे माळही असेच. उघडी नजर, तुटपुंजं गवत, झाडं तुरळक. अशा माळावर गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्या तर माळढोकाला तिथे उतरावंसं वाटत नाही. रेकॉर्डवर पड लिहिलं आहे म्हणून जमीन नासलेली असते असं नव्हे.

खरोखर नासलेली जमीन ओळखायला सोपी असते. वरची माती वाहून गेलेली, ओघळी पडलेल्या, पाऊस पडला की पाणी लाल वाहतं. तिथे दख्खनवर पळस, खैर, शिरीष यांचं बी, बांधावर गिरिपुष्प आणि शेवरी, ओढ्याकाठी करंज. सोबत नत्र न बांधणाऱ्या जातीही तेवढ्याच हव्यात, आणि झाडांइतकंच गवत हवं, कारण ओघळीतली माती आधी तेच धरतं. रोपाच्या पिशवीत मूठभर माती जवळच्या शाबूत रानातली घातली तर तिच्याबरोबर जिवाणू आणि बुरशी दोन्ही येतात. पहिली दोन वर्षं चराई बंद ठेवायची आणि तिसऱ्या वर्षापासून कोयता काढायचा. बहुतेक अंदाजपत्रकांत खड्डा, रोप, पाणी आणि राखण यांचे रकाने असतात. छाटणी आणि विरळणीचा रकाना मी अजून फार कमी ठिकाणी पाहिला आहे.